सहा फूट पाण्याचे राजकारण

केरळात नैऋत्य मोसमी पाऊस जोर धरू लागला की इडुक्की जिल्ह्यातील एका जुन्या धरणाची पाणीपातळी मल्याळी वृत्तवाहिन्यांवर क्रिकेटच्या धावफलकासारखी झळकू लागते. १३६ फुटांची रेषा ओलांडली की जिल्हा प्रशासनाला पहिला इशारा जातो. १४० फुटांवर नदीकाठच्या वस्त्यांत चुळबुळ सुरू होते. १४२ फूट ही सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली कमाल मर्यादा. तेच आकडे घाटापलीकडे, तामिळनाडूच्या तेनी जिल्ह्यात, अगदी उलट्या अर्थाने वाचले जातात. तेथील शेतकऱ्याला १४२ फूट म्हणजे भाताच्या दुसऱ्या पिकाची हमी वाटते. एकाच आकड्याने सह्याद्रीच्या एका उतारावर झोप उडते आणि दुसऱ्या उतारावर हायसे वाटते, असे हे मुल्लपेरियार धरण आहे. १८९५ मध्ये पूर्ण झालेले हे धरण आजही रोजच्या वापरात आहे आणि त्याविषयीचा वादही तितकाच ताजा आहे.

हा वाद दोन राज्यांतील नेहमीच्या पाणीतंट्यांच्या साच्यात बसत नाही, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे. कावेरी किंवा कृष्णेच्या भांडणात प्रश्न असतो तो कोणाला किती पाणी, हा. मुल्लपेरियारच्या बाबतीत तामिळनाडूला पाणी मिळू नये, असे केरळमधील अलीकडच्या कोणत्याही सरकारने म्हटलेले नाही. ‘तामिळनाडूला पाणी, केरळला सुरक्षितता’ ही तर तेथील सर्वपक्षीय घोषणाच आहे. तरीही साडेचार दशके हा प्रश्न सुटलेला नाही. धरण एका राज्याच्या भूमीवर, त्याचे दरवाजे दुसऱ्या राज्याच्या हाती, लाभ पूर्वेकडे आणि धोका पश्चिमेकडे, अशी ही विषम वाटणी आहे. तिच्यातून निर्माण झालेला अविश्वास हेच या प्रश्नाचे खरे दुखणे होय.

९९९ वर्षांचा भाडेपट्टा

पेरियार ही केरळची सर्वांत लांब नदी. घाटमाथ्यावर उगम पावून ती पश्चिमेकडे वाहते आणि अरबी समुद्राला मिळते. तिच्या पाणलोटात धो धो पाऊस पडतो आणि डोंगराच्या पलीकडे, पर्जन्यछायेत, मदुराई व रामनाडचा प्रदेश वैगईच्या तुटपुंज्या पाण्यावर तगून असतो. ही विषमता अठराव्या शतकाच्या अखेरीसच रामनाड संस्थानच्या कारभाऱ्यांच्या नजरेत भरली होती. डोंगर फोडून पश्चिमवाहिनी नदीचे पाणी पूर्वेला आणण्याची कल्पना तेव्हाची. तिला सरकारी बळ मिळाले ते १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर. त्या दुष्काळाने मद्रास इलाख्यात लक्षावधी माणसे मेली आणि सिंचनावरील खर्च हा दुष्काळनिवारणाच्या खर्चापेक्षा स्वस्त पडतो, हे गोऱ्या साहेबाच्या गळी उतरले.

२९ ऑक्टोबर १८८६ रोजी त्रावणकोर संस्थान आणि ब्रिटिश सरकार यांच्यात करार झाला. त्यानुसार सुमारे ८,००० एकर जमीन एकरी पाच रुपये दराने, म्हणजे वर्षाला ४०,००० रुपयांच्या भाड्याने, ९९९ वर्षांसाठी मद्रास सरकारला मिळाली. मुदत संपल्यावर आणखी ९९९ वर्षांची सोयही करारात होती. सार्वभौम सत्ता आणि मांडलिक संस्थान यांच्यातील हा व्यवहार बरोबरीचा नव्हता, हे सांगावयास नकोच. त्रावणकोरच्या दरबाराने अनेक वर्षे चालढकल केली आणि अखेर सही केली.

कर्नल जॉन पेनिक्विक यांच्या देखरेखीखाली १८८७ ते १८९५ या काळात हे धरण उभे राहिले. पायापासून सुमारे १७६ फूट उंच आणि १,२०० फूट लांब अशी ही दगडी भिंत चुना व सुरखीच्या मिश्रणाने बांधली गेली. हिवताप, पूर आणि जंगली श्वापदे यांच्याशी झुंजत केलेले हे बांधकाम त्या काळातील अभियांत्रिकीचा एक अचंबा होता. जलाशयातून डोंगराच्या पोटात खोदलेल्या सुमारे ५,७०० फूट लांबीच्या बोगद्यातून पाणी पूर्वेकडच्या उतारावर येते आणि पुढे वैगईच्या खोऱ्यात जाते. तेनी, मदुराई, दिंडिगल, शिवगंगा आणि रामनाथपुरम या पाच जिल्ह्यांची शेती आणि पिण्याचे पाणी त्यावर अवलंबून आहे. कंबम खोऱ्यातील भाताची हिरवीगार खाचरे आणि द्राक्षांचे मळे या बोगद्यानेच घडविले. तेथील शेतकऱ्यांच्या घरात पेनिक्विक यांची तसबीर देवादिकांच्या शेजारी लावलेली आढळते आणि १५ जानेवारीला, ऐन पोंगलच्या दिवसांत, त्यांची जयंती साजरी होते. परक्या राजवटीतील एखाद्या अभियंत्याला एवढे प्रेम देशात अन्यत्र क्वचितच लाभले असेल.

स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले, १९५६ मध्ये भाषावार राज्ये आली. धरण व जलाशय केरळात राहिले आणि लाभक्षेत्र मद्रास राज्यात गेले. कराराचे वारसही बदलले. २९ मे १९७० रोजी दोन्ही राज्यांनी पूरक करार करून मूळ भाडेपट्टा कायम ठेवला. भाडे एकरी ३० रुपये झाले, मासेमारीचे हक्क केरळकडे आले आणि धरणाच्या पाण्यावर वीज निर्माण करण्याचा तामिळनाडूचा अधिकार मान्य झाला. पुढे न्यायालयात केरळची बाजू लंगडी पडली ती प्रामुख्याने या सहीमुळे. परकी सत्तेने लादलेला करार अमान्य करण्याची संधी स्वतंत्र भारतातील लोकनियुक्त सरकारपुढे आली होती. त्या सरकारने तो स्वेच्छेने पुढे चालू ठेवला.

मोरवीची सावली

११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातमधील मच्छू नदीवरील धरण फुटले आणि मोरवी शहर पाण्याखाली गेले. त्या दुर्घटनेने देशभरातील जुन्या धरणांविषयी भय निर्माण केले. त्यावेळी ८४ वर्षांचे असलेले मुल्लपेरियार साहजिकच चर्चेत आले. केंद्रीय जल आयोगाच्या अध्यक्षांनी नोव्हेंबर १९७९ मध्ये दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांशी विचारविनिमय करून मजबुतीकरणाचे उपाय ठरविले आणि ते पूर्ण होईपर्यंत पाणी १३६ फुटांवर रोखावे, असे ठरले. धरणाची मूळ पूर्ण संचय पातळी १५२ फूट. म्हणजे एका निर्णयाने १६ फूट पाण्यावर पाणी सोडावे लागले.

हे उपाय तीन प्रकारचे होते. धरणमाथ्यावर काँक्रीटचे वजन चढविणे, भिंतीतून पायाच्या खडकापर्यंत पोलादी तारा ताणून बसविणे आणि मागच्या बाजूने काँक्रीटचा टेकू देणे. मुख्य भिंतीची ही कामे पुरी झाल्यावर पातळी वाढवू द्यावी, अशी मागणी तामिळनाडूने लावून धरली. केरळचे म्हणणे असे, की चुना-सुरखीची भिंत शंभर वर्षांत झिजली आहे, पाझराबरोबर चुना वाहून जातो आणि वृद्धाला कितीही औषधपाणी केले तरी त्याचे वय कमी होत नाही. येथून पुढे दोन राज्यांचे अभियंते एकाच भिंतीकडे पाहून दोन वेगळे निष्कर्ष काढू लागले.

वादातला आकडा मात्र पाहण्यासारखा आहे. १३६ आणि १४२ फुटांमधील पाणी सुमारे दीड अब्ज घनफूट. मोठ्या धरणांच्या हिशेबात ही रक्कम किरकोळ वाटेल. पण बोगद्याचे तोंड उंचावर असल्याने जलाशयाच्या तळचे पाणी तामिळनाडूला मिळतच नाही. जे मिळते ते वरच्या थरातले. त्यामुळे प्रत्येक फुटाची किंमत मोठी आहे आणि ती कालव्याच्या शेपटाकडच्या, मेलूर वा तिरुमंगलमच्या शेतकऱ्याला सर्वांत आधी मोजावी लागते. दुसऱ्या बाजूला वंडीपेरियार, चप्पात, उप्पुतरा या नदीकाठच्या गावांतील कुटुंबांना दीड अब्ज घनफुटांशी काही देणेघेणे नाही. डोक्यावर टांगलेले पाणी किती, यापेक्षा ते टांगणारी दोरी किती जुनी, हा त्यांचा प्रश्न आहे.

विधिमंडळ आणि न्यायालय

२७ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीच्या अहवालाच्या आधारे पातळी १४२ फुटांपर्यंत वाढविण्यास अनुमती दिली. घटनेच्या २६२ व्या कलमान्वये आंतरराज्य पाणीतंट्यात न्यायालयाला हात घालता येत नाही, हा केरळचा मुद्दा मान्य झाला नाही. हा तंटा पाणीवाटपाचा नसून धरणाच्या सुरक्षिततेचा आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

यानंतर जे घडले ते देशाच्या संघराज्य व्यवस्थेच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावे असे आहे. निकालाला तीन आठवडे होण्यापूर्वीच केरळ विधानसभेने आपल्या पाटबंधारे कायद्यात दुरुस्ती केली, राज्याचे धरण सुरक्षा प्राधिकरण स्थापले आणि मुल्लपेरियारची कमाल पातळी १३६ फूट असेल, असे कायद्याच्या परिशिष्टातच लिहून टाकले. सत्ताधारी आणि विरोधक यात एक होते. तामिळनाडूने या कायद्याला घटनेच्या १३१ व्या कलमाखाली थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावून आव्हान दिले. माजी सरन्यायाधीश ए. एस. आनंद यांच्या अध्यक्षतेखाली २०१० मध्ये नेमलेल्या अधिकारप्राप्त समितीने भूगर्भशास्त्र, जलशास्त्र आणि बांधकाम अशा सर्व अंगांनी तपासणी करवून घेतली आणि २०१२ मध्ये धरण सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला. केरळने दिल्ली आणि रुरकी येथील आयआयटींच्या तज्ज्ञांकडून करवून घेतलेल्या अभ्यासांचे निष्कर्ष याच्या उलट होते.

७ मे २०१४ रोजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांच्या अध्यक्षतेखालील पाच सदस्यांच्या घटनापीठाने केरळचा कायदा मुल्लपेरियारपुरता घटनाबाह्य ठरविला. वस्तुस्थितीच्या प्रश्नावर न्यायालयाने अंतिम निर्णय दिल्यानंतर विधिमंडळाला कायदा करून तो पुसून टाकता येत नाही. तसे करणे हे सत्ताविभाजनाच्या आणि कायद्याच्या राज्याच्या तत्त्वाला छेद देणारे आहे, हे या निकालाचे सार. १८८६ चा करार बंधनकारक असल्याचेही पीठाने मान्य केले. पातळीवर लक्ष ठेवण्यासाठी तीन सदस्यांची देखरेख समिती नेमण्यात आली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पाणी १४२ फुटांना टेकले.

निकाल कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असला तरी प्रश्न मिटविण्याच्या दृष्टीने तो अपुरा ठरला. न्यायालय भिंत सुरक्षित असल्याचे सांगू शकते. पण त्या भिंतीखाली राहणाऱ्याला ती सुरक्षित वाटावी, अशी आज्ञा ते देऊ शकत नाही.

एकाच पक्षाच्या दोन जिभा

भीतीला राजकारणाचे खतपाणी मिळाले हेही खरे. २०११ च्या हिवाळ्यात इडुक्कीत भूकंपाचे सौम्य धक्के बसले आणि केरळमध्ये आंदोलनाचा वणवा पेटला. मानवी साखळ्या, उपोषणे, संसदेच्या प्रांगणातील निदर्शने यांची रांग लागली. सीमेवरील कुमिळी आणि कंबम परिसरात दोन्ही बाजूंच्या लोकांवर हल्ले झाले. वेलदोड्याच्या मळ्यांत राबणाऱ्या तमिळ मजुरांना गाव सोडावे लागले, तर तेनीतून केरळला जाणारा भाजीपाला रोखला गेला. ज्या दोन समाजांचे रोजचे जेवण आणि रोजची मजुरी एकमेकांवर अवलंबून, ते काही आठवड्यांत एकमेकांचे वैरी झाले. त्याच सुमारास केरळात पिरवम विधानसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक व्हावयाची होती आणि सत्तारूढ आघाडीचे बहुमत नाममात्र होते, हा योगायोगही नजरेआड करण्यासारखा नव्हता.

आणखी एक योगायोग कायमचाच आहे. २००६, २०११, २०१६, २०२१ अशा केरळ आणि तामिळनाडूच्या विधानसभा निवडणुका एकाच हंगामात होत आल्या आहेत. त्यामुळे एका राज्याचा मुख्यमंत्री निवडणुकीच्या दडपणातून मोकळा आहे आणि समंजसपणा दाखवू शकतो, अशी वेळ येते तेव्हा दुसराही मोकळा असतो. आणि एक अडचणीत येतो तेव्हा दुसराही. ही गोष्ट खरे तर तडजोडीला अनुकूल ठरावी. कार्यकाळाच्या पहिल्या दोन वर्षांत दोन्ही सरकारांना हात सैल असतो. पण ही दोन वर्षे बहुधा पत्रव्यवहारात जातात आणि पुढची तीन वर्षे घोषणांत.

राष्ट्रीय पक्षांची अवस्था तर केविलवाणी आहे. काँग्रेस, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष, भारतीय कम्युनिस्ट पक्ष आणि भारतीय जनता पक्ष यांच्या तिरुवनंतपुरम आणि चेन्नई येथील शाखांच्या भूमिका या विषयात घाटमाथ्यावर दुभंगतात. दिल्लीतील पक्ष मुख्यालयांनी त्यावर शोधलेला उपाय म्हणजे मौन. संयुक्त पुरोगामी आघाडीच्या काळात केंद्रीय मंत्रिमंडळात केरळचे काँग्रेस नेते आणि द्रमुकचे मंत्री शेजारी शेजारी बसत होते. अशा सरकारकडून एका बाजूचा कौल मिळणे शक्यच नव्हते. पुढे आलेल्या सरकारलाही दोन्ही राज्यांत पाय रोवावयाचे असल्याने श्रमशक्ती भवनातील फाइलीवर ‘उभय राज्यांनी सामंजस्याने तोडगा काढावा’ हाच शेरा कायम राहिला. केंद्राला अप्रिय निर्णय घ्यावयाचा नसतो तेव्हा तो न्यायालयाच्या दारात नेऊन ठेवायचा, ही दिल्लीची जुनी रीत येथेही पाळली गेली.

धरण सुरक्षा कायदा आणि अडलेले चाक

ऑगस्ट २०१८ च्या महापुराने या वादाला नवे वळण दिले. जलाशय १४२ फुटांवर असताना तामिळनाडूने अचानक सोडलेल्या पाण्यामुळे खालच्या इडुक्की धरणावर ताण आला, असा आरोप केरळने सर्वोच्च न्यायालयात केला. तामिळनाडूने तो फेटाळला आणि केंद्रीय जल आयोगाच्या अहवालाने महापुराचे मुख्य कारण असाधारण पाऊस हेच असल्याचे म्हटले. न्यायालयाने त्या महिन्याच्या अखेरपर्यंत पातळी १३९ फुटांवर ठेवण्यास सांगितले. डिसेंबर २०२१ मध्ये रात्रीच्या वेळी पुरेशी सूचना न देता दरवाजे उघडल्याने वंडीपेरियार परिसरात घरांत पाणी शिरले, अशी तक्रार केरळने पुन्हा केली. मध्यरात्री अंगणात पाणी आलेल्या माणसाला जलशास्त्राचा कोणताही अहवाल धीर देऊ शकत नाही. धरण फुटण्याची शक्यता किती हा तज्ज्ञांच्या वादाचा विषय असेल, पण दरवाजा उघडण्यापूर्वी फोन का केला नाही, हा साध्या शेजारधर्माचा विषय आहे.

संसदेने डिसेंबर २०२१ मध्ये संमत केलेला धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. एका राज्याच्या मालकीचे धरण दुसऱ्या राज्यात असेल तर त्याच्या सुरक्षेची जबाबदारी राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाकडे राहील, अशी तरतूद त्यात आहे. ती जणू मुल्लपेरियार आणि परंबिकुलम समूहातील धरणांना डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिली गेली आहे. केंद्र राज्यांच्या अधिकारात घुसखोरी करीत असल्याचे सांगत तामिळनाडूने या विधेयकाला कडाडून विरोध केला होता. पण ८ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देखरेख समितीलाच या कायद्याखालील अधिकार बहाल केले आणि दोन्ही राज्यांचा एकेक तज्ज्ञ तिच्यात घेतला. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने समितीची पुनर्रचना करून राष्ट्रीय प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे तिची सूत्रे दिली.

यंत्रणा उभी राहिली, पण गाडे अडले ते एका साध्या क्रमाच्या प्रश्नावर. केरळ म्हणतो, आधी स्वतंत्र तज्ज्ञांकडून धरणाची सर्वंकष तपासणी करा, मग बाकीचे बोला. तामिळनाडू म्हणतो, मुख्य धरणाला जोडून असलेल्या छोट्या ‘बेबी’ धरणाचे मजबुतीकरण आधी पूर्ण करू द्या, मग तपासणी करा. त्या कामासाठी काही झाडे तोडावी लागतात आणि ती पेरियार व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात, केरळच्या वनखात्याच्या अखत्यारीत उभी आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये १५ झाडे तोडण्याची परवानगी दिली गेली. तामिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर आभार मानताच केरळात गदारोळ उठला, परवानगी रद्द झाली आणि ती देणाऱ्या वनाधिकाऱ्यावर निलंबनाची पाळी आली. म्हणजे धरण कमकुवत आहे असे म्हणणारे राज्य ते बळकट करण्याच्या कामात खोडा घालते आणि धरण भक्कम आहे असे म्हणणारे राज्य त्याची परीक्षा घेऊ देण्यास कचरते. दोघांनाही आपल्याच दाव्याच्या सिद्धतेची धास्ती वाटावी, असा हा विचित्र पेच आहे.

या वागण्यामागे हिशेब मात्र पक्का आहे. मजबुतीकरण पूर्ण झाले तर १५२ फुटांचा हक्क तामिळनाडू पुढे करणार, हे केरळ जाणतो. स्वतंत्र तपासणीत एखादे जरी प्रतिकूल वाक्य आले तरी १४२ फुटांवरही गदा येईल, हे तामिळनाडू जाणतो. कायद्याने धरणमालकावर सर्वंकष सुरक्षा मूल्यमापनाचे बंधन घातले आहे आणि पहिल्या मूल्यमापनासाठी पाच वर्षांची मुदत दिली आहे. हे बंधन केरळची मागणी म्हणून नव्हे तर देशातील प्रत्येक मोठ्या धरणाला लागू असलेला नियम म्हणून पाळले गेले, तर त्यात कोणाचीच हार होत नाही.

मराठी वाचकाच्या अंगणात

दूरच्या दोन राज्यांचे भांडण म्हणून मराठी वाचकाने याकडे पाहू नये. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा पुण्याने काय भोगले, हे त्या पिढीने पुढच्या पिढ्यांना सांगितले आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयनेची भिंत मजबूत करावी लागली. ती कामे राज्याच्या स्वतःच्या भूमीवर आणि स्वतःच्या अधिकारात झाली म्हणून निर्णय झटपट झाले. कोयनेची भिंत महाराष्ट्रात आणि तिच्या दरवाजांची किल्ली बंगळुरूत असती, तर साताऱ्याच्या माणसाची मनःस्थिती काय झाली असती, एवढा विचार केला तरी इडुक्कीची भीती समजू शकते.

नदीचा प्रवाह डोंगरापलीकडे वळविण्याचा प्रयोगही महाराष्ट्राला नवा नाही. मुळशी आणि कोयना येथे पूर्ववाहिनी नद्यांचे पाणी विजेसाठी कोकणात उतरविले गेले. मुल्लपेरियारला पश्चिमेचे पाणी पूर्वेला नेले. म्हादईच्या वादात कर्नाटकाला तेच करावयाचे आहे. कळसा-भंडुराचे पाणी मलप्रभेत वळविण्याला गोव्याचा विरोध आहे आणि लवादाने २०१८ मध्ये दिलेल्या वाटपानंतरही तो वाद न्यायालयांत रेंगाळला. अलमट्टीच्या उंचीबाबत सांगली-कोल्हापूरची भीती तर वर्तमानपत्रांच्या वाचकांच्या परिचयाचीच आहे. एका नदीवर लाभार्थी असलेले राज्य दुसऱ्या नदीवर बाधित असते. म्हणून एका धरणाबाबत कराराचे पावित्र्य आणि दुसऱ्या धरणाबाबत जनतेची सुरक्षितता, असे सोयीचे तत्त्वज्ञान कोणालाच फार काळ वापरता येत नाही. दिल्लीतील सचिवालयांत बसून या फाइली हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांना हे कोणी सांगावयास नको.

तोडग्याच्या वाटा

केरळची पसंती आहे ती जुन्या भिंतीच्या खाली, सुमारे ३६६ मीटर अंतरावर, नवे धरण बांधण्याला. खर्च आपण करू आणि तामिळनाडूला आज मिळते तेवढे पाणी देत राहू, असे केरळचे आश्वासन आहे. तामिळनाडूला त्यात सापळा दिसतो. नव्या धरणाबरोबर नवा करार येईल, नव्या करारात ९९९ वर्षे नसतील आणि दरवाजांची किल्ली हातातून जाईल, ही त्याची शंका. ती अनाठायी म्हणता येत नाही. मे २०२४ मध्ये नव्या धरणाच्या पर्यावरणीय अभ्यासाचा प्रस्ताव केंद्राच्या तज्ज्ञ समितीपुढे यावयाचा होता. तामिळनाडूच्या हरकतीनंतर ती बैठकच रद्द झाली. शिवाय व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात नवे बांधकाम करणे हे पर्यावरणाच्या कसोटीवर उतरणे सोपे नाही.

दुसरी वाट आनंद समितीनेच दाखविली होती आणि घटनापीठाने तिची नोंद घेतली होती. ती म्हणजे सध्याच्या बोगद्याच्या बऱ्याच खालच्या पातळीवर, ५० फुटांवर, नवा बोगदा खोदण्याची. आज बोगद्याचे तोंड १०४ फुटांच्या वर असल्याने खालचे पाणी तामिळनाडूच्या दृष्टीने मृत साठा आहे. बोगदा खाली गेला तर हे पाणी वापरात येईल, वरचे पाणी लवकर उतरविता येईल आणि भिंतीवरचा भार कमी होईल. तामिळनाडूला कमी उंचीवर तेवढेच किंवा अधिक पाणी, केरळला कमी उंचीमुळे कमी धोका, असा हा सौदा आहे. यात भिंत कोणाची, करार कोणाचा हे प्रश्न न छेडताही दोघांचे मुख्य हेतू साधतात. तरीही या सूचनेवर दोन्ही राज्यांनी कधी गांभीर्याने चर्चा केल्याचे दिसले नाही, कारण तिच्यात घोषणा देण्याजोगे काही नाही. पूर्ण विजयाची सवय लागलेल्या राजकारणाला अर्धा तोडगा म्हणजे पराभव वाटतो.

नव्या बोगद्यालाही केरळची संमती, वनखात्याची परवानगी आणि काही वर्षांचा अवधी लागेल. तोवर करण्यासारखे बरेच आहे. पाणलोटातील पावसाची, आवक-जावकीची आणि पाझराची माहिती दोन्ही राज्यांच्या नियंत्रण कक्षांना एकाच क्षणी मिळावी. रात्री दरवाजे उघडण्यापूर्वी किती तास आधी इशारा द्यावा, याचा नियम प्राधिकरणाने घालून द्यावा आणि तो मोडल्यास उत्तर मागावे. तपासणी आणि मजबुतीकरण यांतील आधी काय, हा वाद दोन्ही कामे एकाच तारखेला सुरू करून संपविता येईल. यांपैकी कशालाही घटनादुरुस्ती लागत नाही. केंद्राने दोन मुख्यमंत्र्यांना एका टेबलाशी बसविण्याची आणि मिळेल तो दोष पत्करण्याची तयारी मात्र लागते.

सप्टेंबर २०२२ मध्ये परंबिकुलम धरणाचा दरवाजा निखळला, ऑगस्ट २०२४ मध्ये तुंगभद्रेचा. दोन्ही वेळा मोठी जीवितहानी टळली. जुन्या धरणांच्या देखभालीचा प्रश्न हा देशाचा प्रश्न आहे, हे या इशाऱ्यांनी सांगितले. १८९५ च्या त्या भिंतीने सव्वाशे वर्षांहून अधिक काळ दोन प्रदेशांना जोडून ठेवले आहे. पेनिक्विक यांनी पाणी डोंगरापलीकडे नेण्याचा अवघड प्रश्न आठ वर्षांत सोडविला. विश्वास डोंगरापलीकडे नेण्याचा प्रश्न स्वतंत्र भारताच्या तीन सरकारांना, तिरुवनंतपुरम, चेन्नई आणि दिल्लीला, साडेचार दशकांत सोडविता आलेला नाही. तो सुटेपर्यंत वंडीपेरियारच्या घरांत पावसाळी रात्री जागून काढल्या जातील आणि मेलूरचा शेतकरी पातळीचा आकडा विचारीत राहील. या दोघांपैकी कोणाचेही मागणे अवाजवी नाही.